सफ आणि सोयरीक

आमच्या महाविद्यालयात माझे एक ज्येष्ठ सहकारी आहेत. माणूस मोठा प्रेमळ. दर ईदला न चुकता कळंब्याला आमच्या घरी शिरखुर्म्याला येतात, दोन वाट्या संपवतात आणि तिसरी हातात घेताना म्हणतात, "काही म्हणा, तुमच्यात एकी आहे हो! आमच्यात बघावं तर शहाण्णव कुळी काय, पंचकुळी काय, देशस्थ काय नि कोकणस्थ काय! तुमचं बरं. सगळे एका रांगेत."

मी नुसता हसतो. पाहुण्याच्या तोंडचा गोड घास कशाला कडू करा?

यंदा मात्र हसू फुटेना. आत माजघरात माझी थोरली बहीण, म्हणजे आमची आपा, डोळे लाल करून बसली होती. बाहेर ओट्यावर आमचे मामू पाठ फिरवून बसले होते. त्यांच्यासमोरच्या वाटीवर साय धरली होती. भांडणाचा विषय एका ओळीत सांगता येण्याजोगा आहे. आपाच्या मुलीने स्वतःसाठी मुलगा पसंत केला होता. मुलगा मुसलमान, सुन्नी, निर्व्यसनी, तिच्याबरोबरच औषधनिर्माणशास्त्र शिकलेला, नमाजाला चुकत नाही असा. पण आम्ही अत्तार आणि तो बागवान!

गंमत पाहा, त्याच सकाळी आम्ही सारे दसरा चौकात मुस्लिम बोर्डिंगच्या पटांगणात ईदच्या नमाजाला उभे होतो. नमाजातल्या रांगेला सफ म्हणतात. तिचा नियम असा, की खांद्याला खांदा लागला पाहिजे, मध्ये फट राहता कामा नये. जो आधी आला तो पुढे आणि जो उशिरा आला तो मागे, मग तो कुणी का असेना. माझ्या डाव्या हाताला मामू होते. उजव्या हाताला फळांचे एक व्यापारी होते, तेही बागवानच. नमाज संपल्यावर मामूंनी त्यांची तीन वेळा गळाभेट घेतली. त्या दिवशीचं प्रवचनही बंधुभावावर होतं. 622 साली पैगंबरसाहेब मक्का सोडून मदिनेला गेले, तेव्हा त्यांच्याबरोबर आलेले लोक घरदार टाकून आलेले, कफल्लक. पैगंबरसाहेबांनी मदिनेतला एकेक माणूस मक्केच्या एकेका माणसाशी भाऊ म्हणून जोडून दिला. हे भाऊपण तोंडदेखलं नव्हतं. मदिनेच्या माणसाने आपल्या घरात, मिळकतीत त्याला वाटा द्यायचा होता. हे ऐकताना मामूंच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं. ते पाणी खोटं नव्हतं, एवढं मी शपथेवर सांगेन. आणि दोनच तासांनी ओट्यावर बसून ते म्हणत होते, "हमारे में ऐसा होता नहीं."

"हमारे में" या दोन शब्दांचा अर्थ वाचकांना नीट सांगायला हवा. बाहेरून पाहणाऱ्याला मुसलमान म्हणजे एक अखंड कातळ वाटतो. आतून पाहिलं तर हा कातळ पुष्कळ दगडांचा आहे. अत्तर विकणारे अत्तार, भाजी-फळांचे बागवान, पानाचे तांबोळी, बांगड्यांचे मणेर, कापूस पिंजणारे नदाफ, हत्यारांना धार लावणारे शिकलगार, माग चालवणारे मोमीन, दर्ग्याचे मुजावर. त्यांत आपलं मूळ अरबस्तानात सांगणाऱ्या सय्यदांचा तोरा निराळाच. अत्तर विकणारा अत्तार आता शोधून सापडत नाही. मी स्वतः मुलांना मराठी शिकवतो. पण धंदा सुटला तरी जमात सुटली नाही. मशिदीत आम्ही एक असतो आणि मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू झाली की जो तो आपापल्या जमातीत परततो. 2006 साली सच्चर समितीचा अहवाल आला. त्यात मुसलमानांतल्या या थरांची सरळ नावं घेतली आहेत. त्याच्याही आधी, जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी महाराष्ट्रभर हिंडून मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली होती. तेव्हा पुष्कळांना राग आला, की इस्लाममध्ये जात कुठली? पुढे मात्र हेच लोक जातीच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत रांगेला उभे राहिले. त्याही रांगेला सफच म्हणायला काय हरकत आहे?

ज्या बोर्डिंगच्या पटांगणात आम्ही नमाज पढलो, त्याची गोष्ट इथे सांगितली पाहिजे. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 साली मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढलं आणि मग एकेका समाजाची वसतिगृहं कोल्हापुरात उभी राहू लागली. मुसलमानांची मुलं शिकावीत, अशी महाराजांची फार इच्छा. 1906 साली त्यांनी मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, स्वतः तिचे अध्यक्ष झाले आणि मुस्लिम बोर्डिंग सुरू झालं. एका हिंदू राजाने मुसलमानांच्या शिक्षणसंस्थेचं अध्यक्षपद घेतलं, याचं कौतुक आपण नेहमी करतो आणि ते करायलाच हवं. पण मला यात आणखी एक गोष्ट दिसते. महाराजांनी अत्तारांचं वेगळं, बागवानांचं वेगळं आणि मोमिनांचं तिसरंच असं बोर्डिंग काढलं नाही. सगळ्या जमातींच्या पोरांना एका छपराखाली झोपवलं आणि एका चुलीवरचं जेवू घातलं.

माझे अब्बा त्या चुलीवर जेवलेले. 1960 नंतरच्या काळात ते भुदरगडाकडच्या एका खेड्यातून एक पत्र्याची ट्रंक घेऊन बोर्डिंगात आले. त्यांच्या खोलीत एक नदाफाचा मुलगा होता. दोघांत एक कंदील, एक इंग्रजीचं व्याकरण आणि समारंभाला घालायची एक चांगली विजार. ती विजार ज्याची परीक्षा किंवा मुलाखत असेल त्याने घालायची. अब्बांची नोकरी त्याच विजारीवर लागली, असं ते हसत हसत सांगत. ही दोस्ती आयुष्यभर टिकली. नदाफचाचा दर महिन्याला कळंब्याला येत. मग दोघे तलावाच्या बांधावर तासन्‌तास बसत. सांडव्यावरून पाणी पडू लागलं की त्या वर्षी पाऊस चांगला, हा त्यांचा ठरलेला हिशेब.

मी शाळेच्या शेवटच्या वर्षात असताना एका संध्याकाळी चाचा आले, ते नवा सदरा घालून. दाराआड पुस्तक घेऊन बसलेल्या मला सगळं ऐकू येत होतं. आपल्या मुलासाठी ते आमच्या आपाला मागायला आले होते. मुलगा शिक्षक होता. अब्बा पुष्कळ वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "तू माझा सख्ख्या भावाहून जवळचा. पण जमातीत मला तोंड दाखवायचंय रे." चाचा म्हणाले, "बरं." चहा पिऊन गेले. येणं त्यांनी थांबवलं नाही. तेवढं त्यांचं मन मोठं होतं. पण बांधावर बसणं हळूहळू बंद झालं. आपाला हे अब्बांनी कधी सांगितलं नाही आणि मीही सांगितलं नाही. तिचं लग्न जमातीतच झालं. ते कसं झालं, हा या लेखाचा विषय नव्हे.

आता मामूंकडे वळतो. मामू म्हणजे कुणी खलनायक नव्हेत. जुलै 2024 मध्ये विशाळगडाच्या वाटेवरच्या गजापुरात जमाव मुसलमानांच्या घरांवर आणि मशिदीवर चालून गेला, तेव्हा पंचाहत्तरी उलटलेले हे मामू भर पावसात आमच्या ओळखीच्या घरोघर हिंडले होते. चादरी, भांडी, मुलांच्या वह्या गोळा करून आमच्या ओसरीत त्यांनी ढीग घातला. देणाऱ्यांत सगळ्या जमातींची माणसं होती, आणि दोन मराठा घरंही होती. ज्यांची घरं फुटली ते कुठल्या जमातीचे, हे मामूंनी एकदाही विचारलं नाही. मी त्यांना ओट्यावर याचीच आठवण दिली.

"ते संकट होतं," मामू म्हणाले. "संकटात सगळे भाऊ. ये शादी है."

मी मास्तर. मास्तराला पुस्तकाशिवाय भांडता येत नाही. मी म्हटलं, "पैगंबरसाहेबांनी आपल्या सख्ख्या आतेबहिणीचं लग्न जैदशी लावून दिलं होतं. जैद तर मुक्त केलेला गुलाम!"

मामूंनी पहिल्यांदाच माझ्याकडे वळून पाहिलं. "और वो टिका क्या?" त्यांनी विचारलं.

मी गप्प. ते लग्न टिकलं नव्हतं, तलाक झाला होता, हे खरंच होतं. वर मामूंनी मला हेही ऐकवलं की जुन्या हनफी धर्मशास्त्र्यांनी नवरा-नवरी तोलामोलाची असावीत, असं सांगताना धंद्याचाही विचार केलेला आहे. तेही खरं. ग्रंथांत बंधुभाव आहे आणि ग्रंथांवरच्या टीकांत कुळाचा तोलही आहे; माणूस आपल्याला हवं ते पान उघडतो. हिंदू मित्रांनी हसू नये. त्यांच्याही कपाटात असे ग्रंथ आहेत.

वादात मी हरलो होतो. तेव्हा आपा बाहेर आली. पदर सावरत ती उंबऱ्यात उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "मामू, नदाफचाचा मला मागायला आले होते ते मला माहीत आहे. मी चुलीपाशी होते. तेव्हा मला कुणी विचारलं नाही. माझ्या मुलीला मी विचारलंय."

इतकी वर्षं मला वाटत होतं, ही गोष्ट फक्त मलाच ठाऊक आहे. मामूंनी सायीची वाटी उचलली, तशीच पुन्हा खाली ठेवली आणि टोपी घालून निघाले. फाटकापाशी थांबून म्हणाले, "निकाहला येईन. पण पत्रिकेत निमंत्रक म्हणून माझं नाव घालू नका." माझे सहकारी हे सगळं ऐकत तिसरी वाटी हातात धरून बसले होते. त्यांनी ती न खाता खाली ठेवली. त्यांच्या मुलीचंही लग्नाचं वय झालेलं आहे.

निकाह दिवाळीनंतर आहे. पत्रिकेचा मसुदा मीच केला. घरात मराठीचा मास्तर असल्याचा एवढा तरी उपयोग. निमंत्रकांत पहिली ओळ घरातल्या वडीलधाऱ्याची असते. अब्बा नाहीत. ती ओळ मी कोरी ठेवली आहे आणि छापखानेवाला रोज विचारतो, साहेब, किती दिवस थांबू? नदाफचाचा अजून आहेत, ऐंशीच्या घरात. त्यांना विचारावं असं आपा म्हणते. मला मात्र अजून त्यांच्या दारात जायचा धीर होत नाही.

काल रात्री मामूंचा फोन आला. पत्रिकेचं नावही नाही काढलं. बागवानांकडे बिर्याणीत बटाटा घालतात का, एवढंच त्यांनी विचारलं.