दंतवैद्याची खुर्ची, रुपेरी पडदा आणि नाताळचे सूर

दंतवैद्याच्या खुर्चीची भीती ही केवळ वेदनेची भीती नसते. रुग्ण उताणा असतो, तोंड उघडे असल्याने त्याला बोलता येत नाही, डोळ्यांवर प्रखर दिवा असतो आणि जे काही चालले आहे ते त्याच्याच तोंडात चालले असूनही ते त्याला दिसत नाही. म्हणून या भीतीचे मूळ दुखण्याइतकेच असहायतेतही शोधावे लागते. अमेरिकी संशोधक नॉर्मन कोरा यांनी १९६९ मध्ये ही भीती मोजण्यासाठी चार प्रश्नांची एक मापनपद्धती मांडली. उद्या दंतवैद्याकडे जायचे असेल तर काय वाटते, बाहेर बसून वाट पाहताना काय वाटते, दात कोरण्याचे यंत्र सज्ज होत असताना आणि दात साफ करण्याची हत्यारे बाहेर काढली जात असताना काय वाटते, असे ते प्रश्न आहेत. लक्षणीय बाब अशी की या चारांपैकी एकही प्रश्न हत्यार दाताला लागल्यानंतरच्या क्षणाविषयी नाही. भीती प्रतीक्षेत वाढते, आणि प्रतीक्षा करणाऱ्या मनाला चित्रे पुरवण्याचे काम अमेरिकी चित्रपटाने मोठ्या निष्ठेने केले आहे.

एरिक फॉन स्ट्रोहाइम यांच्या १९२४ च्या ‘ग्रीड’ या मूकपटाचा नायक सॅन फ्रान्सिस्कोमधला दंतवैद्य आहे, आणि भूल दिलेल्या तरुणीविषयी त्याला वाटणारी आसक्ती त्याच्या दवाखान्यातच जागी होते. डब्ल्यू. सी. फील्ड्स यांनी १९३२ च्या ‘द डेंटिस्ट’ या लघुपटात हाच व्यवसाय धसमुसळ्या विनोदासाठी वापरला, तर ‘लिटल शॉप ऑफ हॉरर्स’च्या १९८६ च्या संगीतमय आवृत्तीत स्टीव्ह मार्टिन यांनी दुसऱ्याच्या यातनांत सुख मानणारा दंतवैद्य रंगवला. मात्र या साऱ्यांहून खोल ठसा उमटवला तो १९७६ च्या ‘मॅरेथॉन मॅन’मधील झेल या पात्राने. लॉरेन्स ऑलिव्हिए यांनी साकारलेला हा फरार नाझी दंतवैद्य खुर्चीला बांधलेल्या तरुणाला एकच प्रश्न पुन्हापुन्हा विचारतो आणि आधी त्याच्या किडलेल्या दातात हत्यार खुपसून मग त्यावर लवंगेचे तेल लावतो. लवंगेच्या तेलातील युजेनॉल हे द्रव्य मज्जातंतू बधिर करते, हे मराठी घरांतल्या आजीबाईच्या बटव्यालाही ठाऊक आहे. येथे मात्र तोच घरगुती उतारा छळाचा भाग होतो, कारण दुखवणे आणि दुखणे थांबवणे या दोन्ही गोष्टी एकाच हातात आहेत, हे त्या तरुणाला कळावे असा झेलचा हेतू आहे. ज्या असहायतेने रुग्ण दवाखान्यात अस्वस्थ होतो, तिचे याहून अचूक चित्रण पडद्यावर क्वचितच झाले असेल.

या प्रतिमेने दंतवैद्यांवर मोठा अन्याय केला आहे, कारण शस्त्रक्रियेतील भूल जगाला मिळवून देण्यात दंतवैद्यांचाच वाटा मोठा होता. अमेरिकेतील हार्टफर्ड शहराचे दंतवैद्य होरेस वेल्स यांनी ११ डिसेंबर १८४४ रोजी नायट्रस ऑक्साइड म्हणजे हसवणारा वायू हुंगून स्वतःची दाढ काढवून घेतली. पुढच्याच महिन्यात बोस्टनमधील त्यांचे जाहीर प्रात्यक्षिक मात्र रुग्ण ओरडल्यामुळे फसले आणि त्यांची हेटाळणी झाली. त्यांचे एकेकाळचे भागीदार विल्यम मॉर्टन, तेही दंतवैद्यच, यांनी १६ ऑक्टोबर १८४६ रोजी ईथरची भूल यशस्वीपणे देऊन दाखवली. प्रेस्टन स्टर्जेस यांनी १९४४ मध्ये मॉर्टन यांच्यावर ‘द ग्रेट मोमेंट’ हा चित्रपट काढला, पण झेल ज्यांना आठवतो त्यांतल्या फारच थोड्यांना या चित्रपटाचे नाव माहीत असते.

दंतवैद्याला आपलेसे करणारे पात्र अखेर नाताळनेच दिले. १९६४ च्या डिसेंबरात अमेरिकी दूरचित्रवाणीवर आलेल्या ‘रुडॉल्फ द रेड-नोज्ड रेनडियर’ या बाहुलीपटात हर्मी नावाचा एक एल्फ, म्हणजे सांताक्लॉजच्या कारखान्यात राबणारा ठेंगू मदतनीस, खेळणी बनवायला नकार देऊन दंतवैद्य होण्याचे स्वप्न पाहतो, आणि पुढे हिमराक्षसाचे दात उपटून त्याला निरुपद्रवीही करतो. हत्यारे तीच, पण ती येथे प्रथमच मुलांना प्रिय झालेल्या हातांत आहेत.

नाताळ म्हटला की सूर आलेच, पण दंतवैद्याच्या खुर्चीशी संगीताचा संबंध मात्र या सणापुरता नाही. कोरण्याच्या यंत्राचा आवाजच भीती जागवतो, तेव्हा आवाजानेच ती शमवता येईल का, असा प्रयत्न अमेरिकेतील दंतवैद्य वॉलेस गार्डनर आणि शास्त्रज्ञ जे. सी. आर. लिकलायडर यांनी केला आणि १९६० मध्ये तो ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडला. रुग्णाच्या कानांवर हेडफोन असत. मन सैलावण्यासाठी संगीत, आणि दुखू लागताच धबधब्यासारखा सलग घोष, असा हा प्रकार होता, आणि आवाज कमीजास्त करण्याची कळ रुग्णाच्याच हाती असे. १९६३ मध्ये रोनाल्ड मेल्झॅक व सहकाऱ्यांनी बर्फगार पाण्यात हात बुडवायला लावून याची परीक्षा घेतली, तेव्हा नुसत्या आवाजाने वेदना सोसण्याची क्षमता वाढली नाही. या आवाजाने दुखणे कमी होईल अशी ठाम सूचना सोबत असेल तेव्हाच ती वाढली. म्हणजे आवाजाला विश्वासाची जोड हवी होती.

उपचारानंतरच्या संगीताची गरज वेगळी असते. हिरडीत टोचलेल्या लिडोकेनसारख्या बधिर करणाऱ्या औषधात बहुधा ॲड्रिनलीन मिसळलेले असते; ते रक्तवाहिन्या आकसून औषध जागच्या जागी टिकवते, पण त्याचा थोडा अंश रक्तात गेल्यास छातीत धडधडते आणि हात किंचित थरथरतात, आणि रुग्ण ती भीतीच समजतो. अशा वेळी संथ आणि परिचित चाल उपयोगी पडते, कारण पुढचा स्वर कोणता येणार हे कानाला आधीच ठाऊक असते. दवाखान्यात ज्या अनिश्चिततेने मन ताणले होते तिचा येथे लवलेशही नसतो. अशी एक चाल म्हणजे ‘सायलेंट नाइट’ या नाताळगीताची. ती फ्रान्झ ग्रुबर यांनी १८१८ मध्ये बांधली आणि त्या वर्षीच्या नाताळच्या पूर्वसंध्येला ते गीत ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ या गावच्या चर्चमध्ये गिटारच्या साथीवर प्रथम गायले गेले. सहा मात्रांच्या झोक्यावर चालणारी ही रचना अंगाईच्या जातीची आहे आणि ऐकणाऱ्याकडून ती काहीही मागत नाही. जबड्याचा बधिरपणा दोन-तीन तास टिकतो, तोवर ओठ चावला वा पोळला जाऊ नये म्हणून खाणे आणि गरम चहाही टाळावा लागतो, आणि त्या रिकाम्या वेळेला ही चाल नेमकी पुरते.