बावखलाच्या काठी मतांचा हिशेब

होळीच्या बाजारातून उत्तरेकडे निघाले की गिरीज, भुईगाव, गास, निर्मळ, नंदाखाल अशी अर्नाळ्यापर्यंत वाड्यांची रांग लागते. केळी, फुले, भाजीपाला, विड्याची पाने यांवर जगणारा हा वसईचा पश्चिम पट्टा. १५३४ ते १७३९ या पोर्तुगीज अमलात इथली अनेक घरे ख्रिस्ती झाली. आडनावे परेरा, लोपीस, घोन्साल्विस अशी झाली, पण घरात कादोडी नाहीतर वाडवळी बोलीच बोलली गेली आणि प्रार्थना मराठीत होत राहिल्या. या मतदाराला आपलेसे करण्यासाठी राजकीय पक्षांनी गेल्या चाळीस वर्षांत काय काय केले, याचा मागोवा घेताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. नाताळच्या शुभेच्छांचे फलक सगळ्यांनीच लावले. जमीन-पाण्याची बाजू मात्र मोजक्यांनीच घेतली, आणि ज्याने घेतली त्याच्यामागे हा समाज धर्म-जात न पाहता उभा राहिला.

१९८५ साली वसईतून जनता पक्षाचे डॉमनिक घोन्सालविस आमदार झाले. समाजातलाच माणूस विधानसभेत गेला होता. पण नेमक्या त्याच दशकात मुंबईची गर्दी पश्चिम रेल्वेने विरारपर्यंत येऊन धडकली. इमारती उभ्या राहू लागल्या आणि त्यांची तहान भागवायला वाड्यांतल्या विहिरींवर टँकर लागले.

इथल्या वाडीचे पाणी कसे टिकते हे पाहिल्याशिवाय पुढचे राजकारण कळत नाही. वाडीत मातीच्या काठाचे एक तळे असते, त्याला बावखल म्हणतात. पावसाचे गोडे पाणी त्यात साठते, झिरपते आणि आसपासच्या विहिरी भरते. समुद्र हाकेच्या अंतरावर असल्याने जमिनीखालचे गोडे पाणी वाजवीपेक्षा जास्त उपसले की त्याच्या जागी खारे पाणी शिरते. मग केळ जगत नाही, पानवेल तर नाहीच नाही. म्हणून टँकर हा इथल्या शेतकऱ्यासाठी पोटावरचा घाव होता.

‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली लोकांना एकत्र केले ते याच प्रश्नावर. चर्चचा धर्मगुरू रस्त्यावर उतरला, पण हाक धर्माची नव्हती. हिंदू वाडवळ आणि ख्रिस्ती कुपारी हे दोन्ही समाज एकाच मोर्चात चालले. १९९० मध्ये शासनाने सिडकोकडे वसई-विरारचे नियोजन सोपवले, तेव्हा हिरवा पट्टा बिल्डरांना खुला होणार ही भीती आणखी बळावली.

त्याच वर्षी काँग्रेसच्या तिकिटावर हितेंद्र ठाकूर वसईतून प्रथम निवडून आले. पुढे पक्ष सोडून त्यांनी स्वतःची आघाडी बांधली आणि २००४ पर्यंत एकही निवडणूक हरले नाहीत. त्यांच्या कार्यकर्त्यांचा लोकसंपर्क दांडगा, हे विरोधकही मान्य करतात. ऐन नाताळच्या आठवड्यात चिमाजी आप्पा मैदानावर भरणाऱ्या कला-क्रीडा महोत्सवात गावोगावची ख्रिस्ती मुले धावतात, गातात, चित्रे काढतात. सूर्या प्रकल्पाचे पाणी आले, तिकिटे दिली गेली, ख्रिस्ती नगरसेवक झाले. हे काम खोटे नव्हते. तरीही वाडीवाल्याच्या मनातला मूळ प्रश्न तसाच राहिला: वाडी राहणार की इमारत येणार?

३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि आसपासची गावे मिळून वसई-विरार महापालिका झाली, तेव्हा तो प्रश्न उफाळला. गावांना महापालिका नको होती. त्यांची बाजू घेऊन उभे राहिले श्रमजीवी संघटनेचे विवेक पंडित. ते ना ख्रिस्ती, ना या पट्ट्यातले बागायतदार. त्यांचे आधीचे काम वेठबिगार आदिवासींमधले. पण गावांसाठी लढणाऱ्या जनआंदोलन समितीने महापालिकेतून गावे वगळण्याची मागणी लावून धरली आणि त्याच वर्षी पंडित अपक्ष म्हणून आमदार झाले. या मतदारापर्यंत पोहोचण्याचा वसईतला हा सर्वांत प्रामाणिक प्रयत्न म्हणावा लागेल.

पुढे मात्र धागा तुटला. २०११ मध्ये शासनाने २९ गावे वगळण्याचा निर्णय घेतला, तो न्यायालयात अडकला. २०१४ ला ठाकूर परत निवडून आले; २०१५ च्या महापालिकेत त्यांच्या बहुजन विकास आघाडीने ११५ पैकी १०६ जागा जिंकल्या. त्याच तालुक्यात २०१८ च्या पालघर पोटनिवडणुकीत भाजपने उत्तर भारतीय मतांसाठी योगी आदित्यनाथांची विरारमध्ये सभा घेतली. तालुक्यातल्या नालासोपाऱ्याच्या चाळींतले नवे मतदार आता संख्येने जड होते, आणि पक्षांची नजर तिकडे वळली.

जुन्या मतदाराला असे गृहीत धरणे अमेरिकेतही घडले आहे. १९६० मध्ये ‘व्हिवा केनेडी’ मंडळांनी स्पॅनिशभाषकांना डेमोक्रॅटिक पक्षाकडे ओढले आणि पुढे हे मत आपलेच असे पक्षाने गृहीत धरले. २०२४ मध्ये टेक्सासच्या सीमेवरच्या स्टार परगण्याने शंभराहून अधिक वर्षांनी रिपब्लिकन उमेदवाराला कौल दिला. तिथली जवळजवळ सगळी वस्ती हिस्पॅनिक आहे. लोक महागाई आणि रोजगाराबद्दल बोलत होते.

वसईतही २०२४ हे उलथापालथीचे वर्ष ठरले. शासनाने २०११ चा निर्णय मागे घेतला आणि २९ गावे महापालिकेतच राहिली. २५ जुलैला फादर दिब्रिटो गेले. नोव्हेंबरमध्ये विवेक पंडितांची कन्या स्नेहा दुबे पंडित यांनी भाजपच्या कमळावर हितेंद्र ठाकूर यांना सुमारे तीन हजार मतांनी हरवले. तिसऱ्या स्थानावरच्या काँग्रेसलाही साठ हजारांवर मते पडली. एवढ्या अटीतटीच्या लढतीत पश्चिम पट्ट्यातले एकेक घर मोलाचे होते.

तेव्हा या गावांतल्या मतदाराने आता दारात येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, मग तो कोणत्याही पक्षाचा आणि कोणत्याही धर्माचा असो, बावखलाच्या काठी उभे करून दोनच गोष्टी विचाराव्यात: ही तळी बुजवण्यापासून वाचवायला तुम्ही काय करणार, आणि हिरवा पट्टा हिरवा ठेवण्याचे लेखी देता का?