मकरपुऱ्याचे मराठी

२७ मे २०२५ रोजी सयाजीराव गायकवाडांच्या दत्तकविधानाला दीडशे वर्षं झाली. मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचा शेतकऱ्याचा पोर बडोद्याच्या गादीवर कसा आला, त्याने १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण कसं आणलं, हे अशा निमित्ताने पुन्हा सांगितलं जातं. सांगायलाही हवंच. पण बडोद्याच्या मराठी माणसाची गोष्ट १९३९ साली महाराजांबरोबरच आटोपली, असा जो समज या कौतुकाआडून पसरतो, तो शहराच्या दक्षिणेकडच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत पाळी बदलताना फाटकावर उभं राहिलं तर पाच मिनिटंही टिकत नाही.

सुरुवातीचा काळ भराभर उरकता येतो. गायकवाड आले, त्यांच्यामागून सरदार, कारकून, पुराणिक आणि पागेवाले आले. रावपुरा, दांडिया बाजार इथे मराठी वाडे उठले. मकरपुरा तेव्हा गावाबाहेरचं शिकारीचं रान होतं. शिकवलेले चित्ते सोडून काळवीट धरण्याचा खेळ तिथे चाले. महाराज खंडेरावांनी १८७० च्या सुमारास इटालियन धाटणीचा राजवाडा बांधला, सयाजीरावांनी तो चिझम या वास्तुविशारदाकडून वाढवून घेतला. पुढे लक्ष्मीविलास राजवाड्याची शान अशी वाढली की मकरपुऱ्याचा वाडा मागे पडला. स्वातंत्र्यानंतर तिथे हवाई दलाची प्रशिक्षण शाळा आली.

१ मे १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि १ मे १९६० ला बडोदं गुजरातेत गेलं. ज्या तारखेला महाराष्ट्र झेंडे लावतो, त्याच तारखेने बडोद्याच्या मराठी माणसाचं राज्य दोनदा बदललं. जुन्या घरांतली मुलं पुण्या-मुंबईकडे पाहू लागली.

पण त्याच सुमारास उलट्या दिशेची वर्दळ सुरू झाली होती. अंकलेश्वरला तेल लागलं, १९६५ मध्ये कोयलीची रिफायनरी सोव्हिएत मदतीने सुरू झाली, १९६९ मध्ये आयपीसीएल ही पेट्रोकेमिकल कंपनी स्थापन झाली. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या गुजरात औद्योगिक विकास महामंडळाने (जीआयडीसी) मकरपुऱ्यात प्लॉट पाडले, शेड उभारल्या. शेजारच्या माणेज्यात विजेची यंत्रसामग्री बनवणारी हिंदुस्थान ब्राऊन बोव्हेरी होती. मोठ्या कारखान्यांना सुटे भाग लागत, आणि ते मकरपुऱ्याच्या शेडमध्ये बनत.

या सगळ्यात रेंगाळावं असं दशक म्हणजे १९८० चं. एक शेड म्हणजे दोन लेथ, एक ड्रिल मशीन, कोपऱ्यात ग्राइंडर. दुधासारख्या पांढऱ्या कूलंटचा ओशट वास, पायाखाली पोलादाची निळसर कुरळी कात्रणं, आणि हातावर साबणानेही न जाणारा काळा थर. चालवणारे कोण? केरळचे, उत्तर प्रदेशचे, पंचमहालचे होतेच. पण जळगाव, धुळे, नंदुरबारकडचे मराठी पुष्कळ होते. सुरत-भुसावळ लाइनने सुरतेला यायचं, तिथे जमलं नाही तर गाडी बदलून पुढे बडोद्याला. आयटीआयचा टर्नर किंवा फिटर, आधी गावच्या चौघांत एक खोली, मग लग्न, मग तरसाली-मांजलपूरकडे भाड्याचं टेनामेंट. त्या घरांत कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत होतं. रात्री बाहेर खायचं तर सेव-उसळ: पांढरा वाटाणा, वर लालभडक तरी, मूठभर जाड शेव, पातीचा कांदा आणि पाव. बडोद्याच्या खाण्यात मराठी हात कुठे आहे, हे या बशीइतकं ठसठशीत क्वचितच दिसतं.

१९८५ च्या राखीव जागाविरोधी आंदोलनाच्या दिवसांत शहरात संचारबंदी लागली की पाळी बुडे आणि रोजंदारीही. जुन्या शहरातल्या मराठी मंडळींना या माणसांची खबरबात नव्हती. व्याख्यानमाला आणि नाटकं संध्याकाळी साडेसहाला रावपुऱ्याच्या आसपास. दुसऱ्या पाळीचा माणूस तेव्हा मशीनवर. एखादा कार्यक्रम रविवारी दुपारी मकरपुऱ्यात करावा, हे फारसं कुणाला सुचलं नाही. वर त्यांच्या खानदेशी, अहिराणी हेलाची टिंगल. टिंगल करणाऱ्यांच्या दिवाणखान्यात ज्यांची तसबीर होती, ते महाराज अहिराणी मुलुखातलेच, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही! आज त्याच घरांतून मराठी शाळा ओस पडल्याची हळहळ ऐकू येते. शाळेला मुलं जिथून मिळाली असती ती वस्ती शहराच्या दक्षिणेला दहा किलोमीटरच्या आत होती. त्या वस्तीनेही मग मुलांना आधी गुजराती आणि नंतर इंग्रजी शाळेत घातलं. त्यांना दोष द्यायचा तरी कशासाठी?

पुढचं सगळं झपाट्याने झालं. ब्राऊन बोव्हेरीची एबीबी झाली, तिचा ट्रान्सफॉर्मरचा धंदा हिताचीकडे गेला. २००२ मध्ये आयपीसीएल रिलायन्सच्या हाती आली. १९६१ मध्ये तीन लाखांच्या आसपास असलेलं शहर २०११ पर्यंत साडेसोळा लाखांच्या वर गेलं. २०१८ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बडोद्यात भरलं, तोवर १९८० च्या दशकातले टर्नर निवृत्तीला आले होते.

त्यांच्यापैकी काहींच्या मुलांच्या आता स्वतःच्या शेड आहेत. लेथच्या जागी सीएनसी मशीन, आणि मशीनवर ठेकेदाराने आणलेली बिहार-ओडिशाची पोरं, गावच्या चौघांत एक खोली करून राहणारी. ही पोरं आपापसातच असतात, इथल्यांत मिसळत नाहीत, अशी मालकांची तक्रार असते. ती ते गुजरातीत करतात, आणि हेल अजून खानदेशी आहे.