विमानमार्गाचे अंतर व प्रवासकाल

दोन विमानतळांमधील लघुतम अंतर म्हणजे त्यांतून जाणाऱ्या बृहद्वृत्ताच्या (पृथ्वीच्या मध्याभोवतीच्या वर्तुळाच्या) लहान कंसाची लांबी होय. दिल्ली व सॅन फ्रॅन्सिस्को यांमध्ये हे अंतर सु. १२,४०० किमी. असून हा कंस उत्तर ध्रुवाजवळून जातो. सपाट नकाशा पाहणाऱ्यास ते खरे वाटत नाही. प्रवासकाल मात्र केवळ अंतरावरून ठरत नाही. विमान हवेच्या सापेक्ष उडते, त्यामुळे पाठीमागचा वारा त्याच्या जमिनीसापेक्ष वेगात भर घालतो व समोरचा वारा तो घटवितो. मध्य अक्षांशांत सु. ९ ते १२ किमी. उंचीवर जेट प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. एअर इंडियाने ऑक्टोबर २०१६ मध्ये सॅन फ्रॅन्सिस्कोला अटलांटिकवरून जाणारे आपले विमान पॅसिफिकवरून नेले. मार्ग सु. १,४०० किमी.ने वाढून सु. १५,३०० किमी. झाला, तरीही प्रवास सु. साडेचौदा तासांत, म्हणजे पूर्वीपेक्षा जवळजवळ दोन तास आधी, संपला. परतीचा मार्ग अटलांटिकवरूनच राहिल्याने एका फेरीत पृथ्वीप्रदक्षिणा होई. वेळापत्रकातील वेळा स्थानिक असतात. हिवाळ्यात दिल्लीची वेळ सॅन फ्रॅन्सिस्कोच्या साडेतेरा तास पुढे असल्याने, नुसत्या वजाबाकीने हा प्रवास एका तासाचाच भासतो.