कर्णनाद, मध्यकर्ण स्नायुजन्य

मध्यकर्णातील दोन सूक्ष्म स्नायूंच्या अनैच्छिक झटक्यांमुळे कानात ऐकू येणाऱ्या आवाजास ही संज्ञा देतात. सर्वसामान्य कर्णनाद हा श्रवण तंत्रिका व मेंदू यांच्या पातळीवरील आभास असतो. येथे मात्र आवाज खरोखरच निर्माण होतो व कधीकधी रोग्याच्या कानाला लावलेल्या नळीतून तो वैद्यालाही ऐकू येतो.

कर्णपटलामागील पोकळीत घण, ऐरण व रिकीब या अस्थिकांची साखळी असते. घणाला जोडलेला पटहताणक स्नायू सु. २ सेंमी. लांब असून तो त्रिशाखी तंत्रिकेच्या नियंत्रणाखाली असतो. रिकिबीचा स्नायू सु. ६ मिमी. लांबीचा, सांगाड्याच्या स्नायूंत सर्वांत लहान असून तो आनन तंत्रिकेवर चालतो. मोठा आवाज होताच आकुंचन पावून तो रिकिबीची हालचाल मर्यादित करतो. पहिल्याच्या झटक्यांनी बहुधा टकटक, तर दुसऱ्याच्या झटक्यांनी भुणभुण ऐकू येते. चेहऱ्याच्या पक्षाघातानंतर तंत्रिकातंतू भलत्याच स्नायूकडे वाढल्यास पापणी मिटताच कानात आवाज उमटतो.

'कानात किडा शिरला' अशी समजूत होऊन तेल ओतणे हा घरगुती उपाय या विकारात निरुपयोगी असून पडद्याला छिद्र असल्यास घातकही ठरतो. रोग्याला भ्रम झाला आहे असे मानणेही तितकेच चुकीचे होय. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड यांसारख्या ग्रामीण तालुक्यांत निदान लांबण्याचे एक उघड कारण अंतर हे आहे. सूक्ष्मदर्शकाखालील कर्णशस्त्रक्रियेसाठी मोठ्या शहरातील रुग्णालयच गाठावे लागते. शहापूरकरांना आसनगाव स्थानकावरून मुंबईची गाडी मिळते. मुरबाडकरांना आधी रस्त्याने कल्याण गाठावे लागते. झटके अधूनमधून येत असल्याने नेमके तपासणीच्या दिवशी कान शांत असतो, आणि मजुरी बुडवून केलेली खेप वाया जाते.

मध्यकर्णातील दाबाचे दीर्घकाळ मापन केल्यास आवाजाच्या वेळी पडद्याची हालचाल नोंदली जाते. मृदू तालूच्या झटक्यांनीही असाच आवाज येतो, म्हणून घसा पाहणे आवश्यक असते. प्रथम धीर देणे, मानसिक ताण कमी करणे व स्नायुशिथिलक किंवा आकडीरोधक औषधे यांचा अवलंब करतात.

त्यांनी गुण न आल्यास शस्त्रक्रिया करतात. स्थानिक अथवा संपूर्ण भूल देऊन कर्णनलिकेच्या त्वचेला छेद घेतात, पडदा पुढे उचलतात व सूक्ष्मदर्शकाखाली एका किंवा दोन्ही स्नायूंचे कंडरे छेदतात. नंतर पडदा जागेवर बसवितात. स्नायूचे आकुंचन पुढेही होत राहते. पण ते अस्थिकांपर्यंत पोहोचत नाही. रिकिबीचा कंडरा नसल्याने फारसे बिघडत नाही, हे १९५६ मध्ये जॉन शी यांनी रिकीब काढून कृत्रिम भाग बसविण्याची शस्त्रक्रिया केल्यानंतरच्या दीर्घ अनुभवावरून दिसते, कारण तीत हा कंडरा सामान्यतः कापला जातो. तथापि मोठे आवाज असह्य होणे, जिभेची चव बदलणे व क्वचित श्रवणऱ्हास हे धोके संभवतात. प्रसिद्ध झालेल्या बहुतेक रोग्यांना आराम पडला असला, तरी अशा रोग्यांची संख्या लहान आहे. त्यामुळे निदान निश्चित झाल्याखेरीज कंडरा कापणे योग्य नव्हे.