बूच बुडेपर्यंत

रत्नागिरीत मासा म्हणजे समुद्राचा. मिरकरवाड्याला सुरमई-बांगडा उतरत असताना धरणातला मासा घरात आणला, तर आई नाक मुरडते. "चिखलाचा वास येतो त्याला," म्हणते, आणि तिचं काही चूक नाही. तरी मे महिन्याच्या सुट्टीत आठ वर्षांच्या भाचीला गरवायला शिकवायचं ठरलं, तेव्हा मी समुद्राची खडपं सोडून धरण निवडलं. खडपावर भरतीकडे लक्ष ठेवावं लागतं, लाट बूच एका जागी ठरू देत नाही आणि पाय घसरला तर खाली कालवांच्या धारा. धरणाचं पाणी सकाळी सातला परातीत ओतून ठेवल्यासारखं असतं.

"धरणावर? पोरीला घेऊन?" आईने दोनदा विचारलं. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, झोपलेली माणसं वाहून गेली. तेव्हापासून आमच्याकडे हा शब्द कोणी सहज घेत नाही. पाणी तळाला गेलंय, भिंतीकडे फिरकणार नाही, असं कबूल केल्यावर सुटका झाली.

तयारी आदल्या संध्याकाळची. मे महिन्यात गांडुळं मिळायची जागा एकच, न्हाणीचं सांडपाणी जातं त्या माडाचं आळं. भाचीने ती काठीने उचलली, मग चिमटीने, मग मुठीने. करवंटीत ओल्या मातीत ठेवली. जोडीला कणीक, तिच्यात पिंजलेला कापूस मळलेला. कापसामुळे गोळा पाण्यात चटकन सुटत नाही. तिच्यासाठी चिव्याची हलकी काठी, काठीएवढीच तंगूस, बाटलीचं बूच, वजनाला शिसं आणि अगदी बारका गळ. गळाचा उलटा दात मी पकडीने दाबून टाकला. मासा सुटला तर सुटू दे, पण तो दात पोराच्या बोटात शिरला की दिवस दवाखान्यात जातो.

बहुतेक तलाव मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात, त्यांनी पैसे घालून बीज सोडलेलं असतं. म्हणून विचारूनच बसायचं. होडी सारवत बसलेल्या माणसाने भाचीच्या काठीकडे पाहिलं आणि हसून मान हलवली.

जागा निवडताना मे महिन्यात फसायला होतं. उतरलेल्या पाण्याकाठी भेगा पडलेला गाळ वरून वाळलेला दिसतो आणि आत गुडघाभर पाय जातो. आम्ही जांभ्याचा एक सपाट कातळ धरला, मागे करवंदीची जाळी.

मग खोली. बूच आडवं पडलं तर शिसं तळाला टेकलंय. उभं राहिलं तर लोंबकळतंय. कटला वरच्या पाण्यात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाला. पण पोराबरोबर यांच्या नादाला लागू नये. तिला दर पाच मिनिटांनी काहीतरी घडायला हवं असतं, आणि ते काम चिलापीच करते.

बूच थरथरलं. "मामा!" "थांब. ती नुसती कुरतडतेय. बूच तिरकं बुडेल तेव्हा मनगटाने झटका." तिने दोन्ही हातांनी, सगळ्या अंगाने झटका दिला. मासा डोक्यावरून मागे करवंदीत. काट्यांतून तो सोडवायला मला दहा मिनिटं लागली. तोवर तिने ओंजळभर करवंदं खाल्ली.

चिलापीच्या पाठीवरच्या पराला काटे असतात. हात ओला करून डोक्याकडून शेपटीकडे पर चेपत धरायची. तिसरी चिलापी अशी धरली आणि तिच्या तोंडातून बारीक ठिपके गळाले. भाचीला वाटलं, किडे. ती पिल्लं होती. या जातीची मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते. भाचीने करवंटी रिकामी करून पाणी भरलं, ठिपके त्यात घेतले आणि म्हणाली, "सोडूया."

खरं तर सोडू नये. चिलापी मूळची आफ्रिकेतली. १९५२ मध्ये भारतात आणली आणि मग पाण्यापाण्यात पसरली. आपल्या माशांचं खाणं आणि जागा ती बळकावते. हे सगळं मला माहीत होतं. मी माय आणि पिल्लं तिच्या हाताने पाण्यात सोडू दिली. ठेकेदाराने वाचलं तर माफ करावं.

या गडबडीत माझी काठी कातळावर आडवी पडली होती. महागाची, रीळवाली. गळाला कणकेचा मोठा गोळा, कारण मनात कटला. खरखर ऐकू आली, वळून बघतो तर काठीचं बूड पाण्यात शिरत होतं. धावलो असतो, पण एक हात भाचीच्या दंडाला होता. तो सोडला नाही. काठी गेली.

कटलाच असावा, असं मी सांगतो. आई म्हणते, दगड असेल.

लहान मुलाला घेऊन जाणार असाल तर स्वतःची काठी घरी ठेवा. गुंता सोडवायला, गांडूळ लावायला आणि दंड धरायला दोन्ही हात पुरत नाहीत. त्या सकाळी नऊ चिलाप्या घरी आल्या. आईने त्रिफळं घालून तिखलं केलं, आणि वासाचं नाव काढलं नाही.