चुंबक, वीज आणि विहिरीवरील मोटार

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या विहिरीवर आतां मोट नाहीं, मोटार आहे. नाडा, सोंदूर, चाक, कणा हा मोटेचा सगळा सरंजाम आपल्या वडीलमंडळींस ठाऊक असे. कोठें काय बिघडलें तें त्यांस आवाजावरून समजे. मोटारीच्या बाबतींत मात्र आपली ओळख बटणापलीकडे जात नाहीं. बटण दाबून काम झालें नाहीं म्हणजे स्टार्टरचें झांकण काढून आंतील हलता भाग काडीनें दाबून बसविण्याची किंवा दोरीनें बांधून ठेवण्याची चाल अनेक शिवारांत पडली आहे. तिच्यामुळें मोटारी जळतात आणि प्रसंगीं माणूसहि दगावतो. असें कां होतें, हें समजण्यास शाळेंतील चुंबकाचा धडा पुरेसा आहे. तोच येथें थोडक्यांत देण्याचें योजिलें आहे.

लोहचुंबकाचे गुण.— चुंबक लोखंडास ओढतो. निकेल व कोबाल्ट यांसहि ओढतो. तांबें, पितळ, ॲल्युमिनियम यांस ओढीत नाहीं. त्याचें बळ दोन टोकांशीं एकवटलेलें असतें. या टोकांस ध्रुव म्हणतात. दोऱ्यानें मध्यावर टांगलेला चुंबक दक्षिणोत्तर स्थिर होतो. जें टोक उत्तरेकडे राहतें तो उत्तर ध्रुव व दुसरें टोक तो दक्षिण ध्रुव. सजातीय ध्रुव परस्परांस लोटतात, विजातीय ओढतात. चुंबकाचे दोन तुकडे केले असतां भाऊहिस्स्याप्रमाणें एकास एक ध्रुव व दुसऱ्यास दुसरा, अशी वांटणी होत नाहीं. प्रत्येक तुकड्यास पुन्हां दोन्ही ध्रुव येतात. पृथ्वी स्वतः एक मोठा चुंबक आहे, असें विल्यम गिल्बर्ट या इंग्रज वैद्यानें १६०० सालीं आपल्या ग्रंथांत प्रतिपादिलें. होकायंत्राची सुई उत्तर दाखविते ती यामुळेंच.

चुंबक व वीज यांचें नातें.— १८२० सालीं कोपनहेगन येथील अध्यापक ओर्स्टेड यांस असें आढळलें कीं, वीज वाहत असलेल्या तारेजवळ होकायंत्र ठेविलें असतां सुई आपली दिशा सोडून वळते; प्रवाह बंद करतांच ती पूर्ववत् होते; प्रवाहाची दिशा उलटविली तर ती उलट बाजूस वळते. तार तांब्याची असली तरी हें घडतें. म्हणजे हें चुंबकत्व तारेच्या धातूचें नव्हे, तिच्यांतून वाहणाऱ्या प्रवाहाचें होय. याचा एक दाखला आपल्या मुलखांतलाच आहे. मुंबईंत कुलाबा येथें पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद ठेवणारी वेधशाळा होती. शहरांत विजेच्या ट्रामगाड्या येणार असें ठरतांच, त्यांच्या प्रवाहानें वेधशाळेच्या सुया बिघडतील हें ओळखून १९०४ सालीं तें काम अलिबागेस हलविण्यांत आलें.

विद्युच्चुंबक.— एका तारेचें चुंबकत्व थोडें असतें. पण तीच तार वेटोळ्यासारखी गुंडाळली कीं प्रत्येक वेढ्याचें बळ एकत्र होतें, आणि वेटोळ्यांत नरम लोखंड घातलें कीं तें अनेक पटींनीं वाढतें. हा विद्युच्चुंबक विल्यम स्टर्जन यानें १८२५ सालीं प्रथम केला. मुलांस दाखवावयाचा असल्यास एका मोठ्या खिळ्यावर वेष्टण असलेल्या तांब्याच्या बारीक तारेचे पन्नास वेढे द्यावे व तिचीं टोकें बॅटरीच्या एका मसाल्यास क्षणभर लावावीं. खिळा टांचण्या उचलतो. तार सोडतांच टांचण्या गळून पडतात. (घरांतील विजेवर हा प्रयोग कदापि करूं नये.) प्रवाह आहे तोंवर चुंबक, प्रवाह गेला कीं नुसतें लोखंड, हा विद्युच्चुंबकाचा मुख्य धर्म. तो ध्यानांत ठेवावा. पुढील सर्व विवेचन त्यावरच आधारलेलें आहे.

मोटार कशी फिरते.— १८३१ सालीं फॅरडे यानें ओर्स्टेडच्या शोधाची दुसरी बाजू दाखविली: वेटोळ्याजवळ चुंबक हालविला तर त्या वेटोळ्यांत प्रवाह उत्पन्न होतो. कोयनेच्या वीजगृहांत पाण्याच्या जोरानें चुंबक फिरवून वीज करितात ती याच नियमानें. आपल्या मोटारींत याच्या उलट क्रिया होते. तिच्या स्थिर भागांत तीन फेजांचीं वेटोळीं बसविलेलीं असतात. तिन्ही फेजांचा प्रवाह एकाच क्षणीं शिखरास पोंचत नाहीं; एकामागून एक पोंचतो. त्यामुळें चुंबकत्वाचा जोर एका वेटोळ्यावरून दुसऱ्यावर सरकत मोटारींत गोल फिरतो. दोन ध्रुवांच्या मोटारींत मिनिटास ३००० फेरे. मधल्या रोटरास बाहेरून तार जोडलेली नसते. पण या फिरत्या चुंबकानें त्याच्या दांड्यांत प्रवाह उत्पन्न होतो, रोटर स्वतः चुंबक बनतो व त्याच्या मागें ओढला जातो. कोणत्याहि दोन फेजांच्या तारांची अदलाबदल केली कीं मोटार उलट फिरते, याचें कारण हेंच.

तीनपैकीं एक फेज गेला म्हणजे चुंबकत्व गोल फिरण्याऐवजीं जागच्या जागीं मागें-पुढें होतें. उभी मोटार मग फिरत नाहीं, नुसती गुणगुणते, आणि नेहमीच्या कित्येक पट प्रवाह घेते. चालूं असलेली मोटार कशीबशी फिरत राहते. पण उरलेल्या दोन फेजांवर सगळा भार येतो. प्रवाह दुप्पट झाला कीं उष्णता चौपट होते. वेटोळ्यांचें वेष्टण करपतें तें असें. दाब कमी झाला तरी हाच धोका आहे; दाब शेंकडा ८० वर आला तर मोटारीचें बळ शेंकडा ६४ वरच येतें.

स्टार्टरचें काम.— स्टार्टरमध्यें जी नो-व्होल्ट कॉईल असते ती म्हणजे वर सांगितलेला विद्युच्चुंबक होय. हिरवें बटण दाबलें कीं ती लोखंडी भागास ओढून धरते व मोटारीस वीज मिळते. वीज गेली, दाब फार उतरला किंवा ओव्हरलोड रिलेनें जास्त प्रवाह ओळखून कॉईलची वाट तोडली, कीं चुंबकत्व नाहींसें होतें आणि स्प्रिंग तो भाग मागें ढकलते. म्हणजे कॉईल धरीत नाहीं, हा बहुधा तिचा दोष नसून तिनें दिलेला इशारा असतो. काडी घालणारा मनुष्य हा पहारेकरीच बांधून ठेवितो. मग वीज गेल्यावर कोणी विहिरींत फूटव्हॉल्व्ह साफ करण्यास उतरला असेल आणि तेवढ्यांत वीज आली, तर मोटार आपोआप सुरू होते. शिवाय उघड्या स्टार्टरमध्यें ४०० व्होल्टांच्या आसपासचा दाब असतो. ओल्या पायांनीं तेथें बोट नेणें म्हणजे मृत्यूस आमंत्रण देणें होय.

आणखी एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. कॉईल बहुधा दोनच फेजांवर जोडलेली असते. तिसरा फेज गेला तर तिला तें कळत नाहीं. यास्तव एक फेज जातांच मोटार बंद करणारें स्वतंत्र साधन मिळतें तें अवश्य बसवावें. ‘ऑटो’ लावलेला असेल तर पाण्यांत किंवा यंत्रापाशीं हात घालण्यापूर्वीं मुख्य स्विच खालीं करावा व फ्यूज काढून आपल्याजवळ ठेवावे. कॉईल मोठ्यानें घरघरत असेल तर चुंबकाच्या तोंडावर धूळ किंवा गंज बसला असण्याचा संभव असतो; वीज बंद करून तो जाणकाराकडून पुसून घ्यावा. कॉईल वारंवार सुटत असेल तर व्होल्टमीटर पाहावा व दाब उतरलेला असल्यास तो वाढेपर्यंत थांबावें.

पाण्याची पाळी एक दिवस चुकली तर पीक बहुधा तगतें. मोटार जळली तर ती भरून येईपर्यंतच्या साऱ्या पाळ्या चुकतात, आणि माणसाची भरपाई तर कशानेंच होत नाहीं. म्हणून ज्यांच्या स्टार्टरमध्यें आज काडी किंवा दोरी असेल, त्यांनीं हा अंक हातावेगळा करण्यापूर्वीं मुख्य स्विच बंद करून ती काढून टाकावी, एवढीच आमची विनंति आहे.